वही, पाच माणसं आणि पीथमपूरची बस

१९९४ साली मी पीथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खोलीत लागले. मेकॅनिकलचा डिप्लोमा, वय एकवीस, घर इंदूरच्या रामबागेत. सकाळी महूनाक्यावरून कंपनीची बस धरायची. तिसऱ्या महिन्यात एका लॉटचे शाफ्ट तपासताना मायक्रोमीटरवरचा आकडा ड्रॉइंगमधल्या मर्यादेबाहेर जाऊ लागला. फार नाही, वीस-बावीस मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). परत मोजलं, तेच. मग वाटलं, माझाच हात घट्ट बसत असेल. इतक्या वर्षांचे ऑपरेटर चुकतील कसे? शीटवर तो आकडा पेन्सिलने लिहिला, शेजारी बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं आणि गप्प बसले. लॉट गेला. नऊ दिवसांनी अख्खाच्या अख्खा परत आला.

सुपरवायझर ओरडले नाहीत. शीट समोर ठेवून त्यांनी पेन्सिलीच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "दिखा था ना? फिर बोली क्यों नहीं?"

मला दिसलं होतं, पण दिसलेल्यावर भरवसा नव्हता. आणि मोठ्याने बोलायच्या आधी तो आकडा हळूच कुणाला दाखवावा, असं एकही माणूस मी त्या खोलीत जोडलेलं नव्हतं. लोक आत्मविश्वास एका खणात ठेवतात आणि टीम दुसऱ्या खणात. माझ्या अनुभवात ते एकाच गाठीचे दोन पदर आहेत: पुरावा आपल्या हातात असावा लागतो आणि तो तपासून देणारी माणसं जवळ असावी लागतात. पुढे लिहिलंय ते त्याच क्रमाने करून बघा. साधारण तीन महिने लागतात.

आधी वही

इंदूरच्या सियागंज बाजारातला व्यापारी दुकान बंद करण्याआधी रोजमेळ मिळवतो. दिवसभर गल्ल्यावर बसलेल्याला धंदा कसा झाला याचा अंदाज असतोच, पण तो अंदाजावर झोपत नाही. आपण मात्र कामाच्या बाबतीत निव्वळ अंदाजावर जगतो. साहेब हसले तर दिवस चांगला, नाही हसले तर आपण नालायक.

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलवर लिहू नका, तिथे लिहायला गेलात की व्हॉट्सॲप उघडतं. रोज निघण्याआधी तीन ओळी: आज काय केलं, कुठे अडलं, कुणाची मदत झाली. पहिल्या ओळीत शक्यतो आकडा हवा. "आज चांगलं काम झालं" ही नोंद काही कामाची नाही. माझ्या जुन्या वहीतली एक नोंद अशी आहे: "बुशचे ४० नग तपासले, ३ बाजूला. गेल्या आठवड्यात याला दोन तास लागले होते, आज सव्वा. सरफेस फिनिशचं वाचन अजून जमत नाही. टूलरूमच्या काकांनी धार कशी ओळखायची ते दाखवलं." बस, एवढंच. तारीख विसरू नका.

कौतुक लिहायचं असेल तर ते कशाबद्दल होतं तेही लिहा. नुसतं "मॅडम म्हणाल्या, व्हेरी गुड" हे सहा महिन्यांनी वाचताना काही सांगत नाही. "कस्टमरच्या ऑडिटमध्ये रेकॉर्ड मागितल्याबरोबर काढून दिलं म्हणून व्हेरी गुड" यातून कळतं की आपल्याला काय येतं.

रविवारी पोहे-जिलबी झाली की दहा मिनिटं आठवड्याची पानं वाचा. पहिल्या तीन-चार रविवारी काहीच वाटणार नाही. पाचव्या-सहाव्याला लक्षात येतं की महिन्यापूर्वी जिथे अडत होतो ती ओळ आता येतच नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की "हे मला जमेल" असा भरवसा चार वाटांनी येतो: स्वतः पार पाडलेली कामं, आपल्यासारख्याच कुणाला ते काम करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचे शब्द आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यांत पहिली वाट सर्वांत पक्की, आणि ती माणूस विसरतो म्हणूनच वही. दुसरी आणि तिसरी वाट तर इतर माणसांतूनच जाते. एकट्याने आरशासमोर उभं राहून "मी करू शकतो" म्हणण्यावर माझा विश्वास का नाही, ते यात आलं. (चौथ्या वाटेबद्दल एवढंच: महत्त्वाच्या मीटिंगला उपाशीपोटी आणि चार तासांच्या झोपेवर जाऊ नका. हात थरथरला की मन त्याचा अर्थ "मला येत नाही" असा लावतं.)

एक सावधगिरी. वहीत कंपनीची ड्रॉइंग, भाव, ग्राहकांची नावं उतरवायची नाहीत. तुमचं काम लिहा, कंपनीची गुपितं नकोत.

एक माप मोठं काम मागून घ्या

वही महिनाभर भरली की तिच्यातून एक काम निवडायचं, जे आजच्या कुवतीपेक्षा एकच माप मोठं आहे. लहान मुलाला शाळेचे बूट घेताना आई अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडते. चार बोटं सोडली तर पोरगं धडपडतं. माझा अंदाज असा: कामातल्या दहा गोष्टींपैकी सात येत असाव्यात, दोन विचारून येतील अशा असाव्यात, एक अगदीच नवी चालेल. काम दोन ते सहा आठवड्यांत संपणारं हवं. आणि फसलं तर फक्त तुमचे कान लाल व्हावेत, कंपनीची ऑर्डर जाऊ नये.

इंदूरच्या वाचकाला हे वेगळं पटवायची गरज नाही. २०१६ च्या स्वच्छता सर्वेक्षणात आपलं शहर २५ वं होतं, २०१७ मध्ये पहिलं आलं. पण घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात झाली ती सगळ्या शहरात एकदम झाली नव्हती. आधी दोन वॉर्ड. तिथे गाडी कधी यावी, लोक काय कुरकुरतात, ओला-सुका वेगळा का होत नाही हे कळलं, मग बाकीचे.

काम मागताना "सर, मला काहीतरी चॅलेंजिंग द्या" म्हणू नका. साहेबांना आणखी एक विचार करायला लावलात. तुम्हीच काम सांगा: "गेजच्या कॅलिब्रेशनचं रेकॉर्ड तीन ठिकाणी पडलंय. चार आठवड्यांत एका रजिस्टरमध्ये आणून देते." मग हमखास प्रश्न येतो, "जमेल?" यावर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, "हो सर" (पोटात गोळा). दुसरं, "बघते, ट्राय करते". दोन्ही सोडा. असं म्हणा: "यातलं एवढं येतं. एवढं शिकावं लागेल. त्यासाठी टूलरूममधल्या एकाचे आठवड्याला दोन तास लागतील. पुढच्या शुक्रवारी अर्धं झालेलं दाखवते."

ही चार वाक्यं मी नव्या मुलांकडून सर्वांत जास्त घोटून घेते. पहिल्या वाक्यात वही बोलते, दुसऱ्यात प्रामाणिकपणा, तिसऱ्यात टीम आणि चौथ्यात तारीख. हिंदीत बोलणार असाल तर हिंदीत घोटा. घरी मराठी, कारखान्यात हिंदी, मेल इंग्रजीत, असं आपलं तीन खोल्यांचं घर. बरीच मराठी मुलं कामात अडत नाहीत, खोली बदलताना उंबऱ्याला ठेचाळतात. मीटिंगमध्ये बोलायची पहिली दोन वाक्यं त्या भाषेत आदल्या रात्री मोठ्याने म्हणून ठेवली की पुढची आपोआप येतात.

पाच माणसं

आता कागदावर पाच चौकोन काढा. प्रत्येकात एक नाव.

पहिला चौकोन जाणकाराचा: तुमचं काम तुमच्याहून दहा वर्षं जास्त केलेला. हुद्दा मोठा असायलाच हवा असं नाही. माझा पहिला जाणकार मशिनवरचा ऑपरेटर होता, कान लावून बेअरिंगची तक्रार सांगणारा. दुसरा चौकोन बरोबरीच्याचा, तुमच्याच पायरीवरच्या आणि त्याच अडचणीतल्या माणसाचा. बँडुरांची दुसरी वाट इथूनच जाते; बरोबरीच्याला जमताना पाहिलं की "मग मला का नाही" हे मनात येतंच. तिसरा खरं बोलणाऱ्याचा, "हा रिपोर्ट कुणी वाचणार नाही" असं तोंडावर सांगणारा. चौथा चौकोन लांबच्या ओळखीचा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की नोकरीची खबर बऱ्याचदा जिवलग मित्रांकडून येत नाही, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून येते. कारण जिवलगांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं. सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात चहाच्या रांगेत भेटणारे, गणेशोत्सवात वर्गणीचा हिशेब बघणारे, मुलांच्या शाळेबाहेर उभे असणारे, हे या चौकोनाचे उमेदवार. त्यांना काही मागायचं नाही. आपण सध्या काय काम करतो ते दोन वाक्यांत सांगता यायला हवं, बस.

पाचवा चौकोन घरचा, आणि बहुतेकजण तो रिकामा सोडतात किंवा "आईचा आशीर्वाद" लिहून मोकळे होतात. आशीर्वाद असोच. पण इथे ते माणूस लिहायचं जे तुमचं एखादं ओझं प्रत्यक्ष उचलतं. मी रात्रीच्या वर्गाला जायला लागले तेव्हा सासूबाईंनी आठवड्यातले तीन दिवस स्वयंपाक स्वतःकडे घेतला. तो माझ्या डिग्रीतला वाटा होता, आणि मी तसं त्यांच्यादेखत पाहुण्यांना सांगायचे. बायकांना तर मी स्पष्टच सांगते: बढतीबद्दल साहेबांशी बोलण्याआधी घरात बोला. वेळ वाढणार असेल तर कुणाचं कोणतं काम कोण करेल, हे नावानिशी ठरवा.

इथे देवासची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन माळव्यात आले. काही वर्षं गाणं जवळजवळ बंद. भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, आणि अंथरुणावरून कानावर पडणारी माळव्याची लोकगीतं ते ऐकत राहिले. पुढे गाणं परत आलं ते नव्या वळणाचं. पण मला त्यांच्या मित्रमंडळीचं जास्त अप्रूप वाटतं: "नई दुनिया"चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी, नाटकवाले बाबा डिके. एकही गवई नाही! पाचही चौकोन आपल्याच खात्यातल्या माणसांनी भरले की सगळे एकाच खिडकीतून बाहेर बघतात.

चौकोन भरताना एक गफलत होते. आमच्या बसच्या मागच्या बाकांवर रोज गाऱ्हाण्यांची बैठक बसायची. साहेब कसा, पगार कसा, कॅन्टीनची डाळ कशी. मीही दोन वर्षं तिथे बसले, मजा यायची, मन हलकं व्हायचं. वही चाळली तेव्हा कळलं की "कुणाची मदत झाली" या ओळीत त्या बाकावरचं एकही नाव नव्हतं. मैत्री ठेवा, पण चौकोनात त्यांना घालू नका.

मदत मागायची रीत

"सर, थोडं गायडन्स हवं होतं." याला उत्तर काय द्यायचं? समोरचा चांगला माणूस असला तरी "हो, कधीही ये" म्हणतो आणि तो कधीही कधीच येत नाही.

मागणी लहान, नेमकी आणि वेळेत बांधलेली हवी. "या रिपोर्टचं दुसरं पान बघाल का? रिजेक्शनची कारणं मी तीन गटांत टाकलीत, गट बरोबर पडलेत का एवढंच सांगा. पंधरा मिनिटं लागतील, गुरुवारी जेवणानंतर येऊ?" सोबत आपण आधी काय करून पाहिलं तेही सांगा.

त्यानंतरची गोष्ट शंभरातले नव्वद विसरतात: परत जाऊन सांगणं. "तुम्ही म्हणालात तसे गट बदलले. कस्टमरने पहिल्याच मेलला होकार दिला." किंवा "बदलले, पण जमलं नाही, कारण असं." सल्ला देणाऱ्याला आपला शब्द कुठे पोचला ते कळलं की तो पुढच्या वेळी आपणहून बोलावतो. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी ज्यांच्यासाठी मी चार ठिकाणी शब्द टाकला, ते सगळे न चुकता परत येऊन सांगणारे होते. हुशार होतेच असं नाही.

तुम्हीही कुणाच्या तरी चौकोनात

नुसतं घेत राहिलात तर सहा महिन्यांत माणसं फोन उचलेनाशी होतात. द्यायला हुद्दा लागत नाही. नव्या मुलाला हजेरीचं मशिन कसं रुसतं ते सांगा. कुणाचा एक्सेलचा तक्ता दुरुस्त करून द्या. मेलमध्ये "टीमने केलं" असं गोल न लिहिता "मोजमापं यांनी घेतली, तक्ता त्यांनी केला" असं नाव घेऊन लिहा, आणि ज्यांना कळायला हवं त्यांना तो मेल जाऊ द्या.

आणि कधी टीम तुमच्या हातात आली, मग ती तिघांची का असेना, तर चूक सांगणं सोपं करा. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात इस्पितळांत औषध देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असा कयास होता. नोंदी उलट्या निघाल्या. तिथे जास्त चुका नोंदलेल्या होत्या, कारण तिथली माणसं चूक झाली की बोलत होती. टोयोटाच्या कारखान्यात साधा कामगारही दोरी ओढून किंवा बटण दाबून लाईन थांबवू शकतो, त्यामागेही हेच.

आमच्याकडे दोरी नव्हती. मी सोमवारच्या मीटिंगची पहिली पाच मिनिटं "गेल्या आठवड्यात माझं काय चुकलं" यासाठी ठेवली, आणि पहिला नंबर माझा. पहिले तीन सोमवार मी एकटीच बोलत होते. चौथ्याला एक मुलगा बोलला. वाईट बातमी आणणाऱ्याशी बोलायचा क्रमही ठरवून टाकला: आधी "बरं झालं सांगितलंस", मग "काय दिसलं?", मग "आता काय करू या?" "कुणी केलं?" हा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच नाही.

हे मी नेहमी पाळलं असं मुळीच नाही. एका डिस्पॅचच्या दिवशी ट्रक उभा असताना एका ट्रेनीने येऊन सांगितलं की लेबलं चुकलीत, आणि मी सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडले. लेबलं खरंच चुकली होती. पुढचे चार महिने त्या पोराने मला आपणहून एक गोष्ट सांगितली नाही. माफी मी दुसऱ्याच दिवशी मागितली होती, पण एकटं गाठून. ती सगळ्यांसमोर मागायला हवी होती.

फसल्यावरचे पंधरा दिवस

रणजी करंडकाचा १९४७ चा अंतिम सामना, बडोद्याला, बडोदा विरुद्ध आपला होळकर संघ. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, दोघांची भागीदारी ५७७. २००६ पर्यंत प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कोणत्याही विकेटसाठी याहून मोठी भागीदारी झाली नव्हती. आमच्या वडिलांच्या पिढीतले इंदूरकर ते ऐकताना अजून मान खाली घालायचे. पण पुढच्याच हंगामात करंडक होळकर संघाने जिंकला. कर्नल सी. के. नायडूंच्या त्या संघाने मधल्या काळात नेमकं काय बोलून घेतलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

काम फसलं की पहिले दोन दिवस काही ठरवू नका. राजीनामा नाही, लांबलचक मेल नाही. तिसऱ्या दिवशी वहीत तीन रकाने करा: माझ्या हातातलं काय चुकलं, दुसऱ्याच्या हातातलं काय, कुणाच्याच हातात नव्हतं ते काय. हा कागद खरं बोलणाऱ्याला दाखवा. आपण पहिला रकाना एकतर कोंबून भरतो नाहीतर कोरा ठेवतो, तो सारखा करून देईल. मग पहिल्या रकान्यातली एकच गोष्ट घ्या आणि पंधरा दिवसांच्या आत तिच्यावर एक छोटं काम पूर्ण करून दाखवा. माझ्या त्या परत आलेल्या लॉटनंतर सुपरवायझरनी मला हेच दिलं होतं: पंधरा दिवस रोज सकाळी मास्टर पीस (नेमकं माप आधीच ठाऊक असलेला नमुना) मोजायचा आणि आकडा पेनाने लिहायचा. सोळाव्या दिवशी माझ्या हाताबद्दलची शंका संपली होती.

बढती आणि पगार

वार्षिक आढाव्याच्या दिवशी मागून फार उपयोग नसतो, तोवर आकडे ठरलेले असतात. तीन महिने आधी बोला. वहीतून एक पान काढा: पाच कामं, प्रत्येकासमोर आकडा. नकार आला तर वाद नको, "काय दिसलं तर होकार मिळेल, आणि कधीपर्यंत?" एवढं विचारा. जे उत्तर येईल ते त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठवा.

टीमच बरी नसेल तर

काही जागी हे सगळं करूनही काही हलत नाही. तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं, चूक सांगितली की तुमचाच गळा धरला जातो. तिथे आत्मविश्वास वाढवत बसू नका, तो रोज पाझरत राहील. तीन महिन्यांच्या नोंदी बघा. "कुणाची मदत झाली" ही ओळ बहुतेक पानांवर कोरी असेल तर उत्तर मिळालंय. सहा महिन्यांच्या घरखर्चाची सोय करा, चौथ्या चौकोनातल्या माणसांना सांगा, हातातलं काम नीट सोपवून निघा.

निघताना ड्रॉवर नीट रिकामा करा. मी एका जागी माझी वही तिथेच विसरले होते. परत मागायला गेले तर टेबल दुसऱ्याला दिलेलं, वही रद्दीत. आठ महिन्यांच्या नोंदी गेल्या, आणि पुढच्या मुलाखतीत प्रत्येक आकड्याआधी मला "साधारण" म्हणावं लागलं.